पांढरा धागा आणि पहिला पेला

दुपारी सगळं घर निजलेलं असताना 'टण्' असा आवाज झाला. कीर्तीने डोळे न उघडताच ओळखलं. शालू पुन्हा पेला उचलण्याचा सराव करत होती.

नगरपालिकेच्या नव्या केंद्रात नालीचं सांडपाणी गाळून पिण्याजोगं होणार होतं. उद्या उद्‌घाटन. पहिला पेला पिणार होती लाखनीहून सुट्टीत आलेली मामेबहीण शालू! गाव कीर्तीचं, नाली कीर्तीच्या दारातली, अन् पेला शालूला. का, तर ती हसते छान.

"करंगळी अशी ठेवू का?" शालूने विचारलं. सरावासाठी तिने केंद्रातूनच बाटलीभर पाणी आणलं होतं.

"ठेव. पेला पडला म्हणजे समजन."

शालू आत जाताच कीर्तीने त्या बाटलीत पांढरा धागा सोडला. बाबा सूत रंगवायचे, रंगाचं पाणी नालीत सोडायचे आणि शेवटच्या धुण्यात असाच धागा बुडवून ठेवायचे. तो कोरा निघाला, तरच सूत धुऊन झालं.

संध्याकाळी धागा गुलाबी निघाला.

"हा तं बाबाचा रंग," तिचा सहा वर्षांचा भाऊ अंकुर म्हणाला.

"नालीतला रंग इथवर आला, म्हणजे पाणी गाळलंच नाही. बाकीची घाणही असंन. शालू, तू पिऊ नको."

"जळून राहिली तू माह्यावर."

कीर्तीने धागा मुठीत घेतला. ते खोटं नव्हतं.

सकाळी अंकुरला कॅरिअरवर बसवून तिने सायकल केंद्रामागे नेली. गाळणीच्या खोलीला वळसा घालून नालीच्या पाण्याचा एक पाइप थेट स्वच्छ पाण्याच्या टाकीत उतरला होता. आत खळखळ चालू होती.

मांडवात शालूचं नाव पुकारलं गेलं. पिऊ दे, कीर्तीच्या मनात आलं. सगळ्यांसमोर तोंड वाकडं होऊ दे. शालूने पेला उचलला. करंगळी अगदी तशीच.

कीर्ती धावत मंचावर चढली आणि पेला धरला. "वासुदेवराव काका, केंद्र तुमचं. आधी तुम्ही प्या न."

अभियंता वासुदेवराव हसले. पण हात काही पुढे येईना. लोक कुजबुजू लागले. कीर्तीने गुलाबी धागा उंच धरला, पाइपचं सांगितलं.

"गाळणी तुंबली होती," ते अखेर पुटपुटले. "कार्यक्रम कसा थांबवावा... जंतू मारायचं औषध तं टाकलं होतं."

नगराध्यक्षांनी तिथेच पाइप बंद करवला. गाळणी बदलून पाणी तपासल्यावर पहिला पेला कीर्तीलाच, असं जाहीर केलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बहिणीची केवढी काळजी पोरीले," बाया म्हणत होत्या. शालू तर तिला बिलगून रडत होती.

अंकुरने तिचा फ्रॉक ओढला.

"ताई, पेला आधीच तुले भेटला असता, तं तू धागा टाकला असता का?"