तोकुजीचा कवडसा

त्या सकाळी मी नेहमीसारखी मोजणीवाल्यांच्या तळावर सुकी मासळी आणि रताळी घेऊन चढले होते. आमचं याकुशिमा बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला भिजका डोंगर. झाडी इतकी दाट की शेजारचा माणूस दिसत नाही. त्याचा नकाशा काढायला सरकारी माणसं आली आणि माझा नवरा तोकुजी त्यांच्यात गेला. पल्याडच्या शिखरावरून त्याने आरशाने ऊन पाठवायचं, इकडून साहेब त्यावर दुर्बीण रोखायचे. काम संपलं की तोकुजी आमच्या अंगणात तीनदा कवडसा पाडायचा. घरी येतोय, रताळी चढव!

मग वादळ झालं आणि तो परतलाच नाही. शोधून शोधून लोक थकले. त्याला असं जंगलात बेवारस ठेवायचं माझ्या जिवावर येत होतं.

त्या सकाळी तळावर टोपली उतरवत होते, तोच खाली दरीत उजेड चमकला. एकदा, दोनदा, तीनदा.

"साहेब... दिसलं का?"

मोजणीचे काशिवाबारासाहेब दुर्बिणीला डोळा लावून बसले. हळूच म्हणाले, "इनेबाई, तिथं ऊन पोचतच नाही... पण दिसतंय."

त्यांनी फळीवरच्या कागदावर रेघ ओढली. "एका रेघेवर माणूस सापडत नाही. दुसऱ्या टेकडीवरूनही बघायला हवं. थांबेल का तो?"

"जन्मात वेळेवर आला नाही मेला, थांबेल की!" म्हणाले आणि जीभ चावली. मग रडूच फुटलं.

तो थांबला. दोन रेघा जिथे छेदल्या, तिथेच दरीत, उन्मळलेल्या झाडाखाली तोकुजी सापडला. कुशीवर, झोपल्यासारखा. आरसा पाठीवरच्या पेटीत होता. पेटीची दोरी भिजून इतकी आवळली होती की कापावी लागली.

त्याला गावात आणून समुद्र दिसेल असं पुरलं. आरसा साहेबांनी मला दिला. तो देव्हाऱ्यात काळ्या फडक्यात आहे.

तरीही वादळ सरून ऊन पडलं की अंगणात कवडसा येतो. एक, दोन, तीन. मी रताळी चढवते. माझाच माणूस, त्याला काय भ्यायचं?

काल मात्र कवडसा माझ्या छातीवर येऊन थांबला. हलेना. थोड्या वेळाने दुसऱ्या टेकडीवरून आणखी एक आला... आणि तोही तिथेच थांबला.

मी हलले नाही.