आबांचं निम्मं थायरॉईड

रोग अर्धा काढायचा आणि अर्धा ठेवायचा, असं कुठला डॉक्टर सांगतो का? पण डॉ. मुल्ला तसंच म्हणाल्या होत्या. सन्मतीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. थायरॉईड मात्र अर्धंच काढू."

सन्मतीचे आजोबा, बाळगोंडा आबा, कुस्तीच्या मैदानाचे निवेदक. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत त्यांचा आवाज जायचा. त्यांच्या स्वरयंत्रात (आवाज तयार करणाऱ्या पेटीत) कॅन्सर झाला होता आणि तो बराच पुढे गेला होता. आवाज जाणार, हे त्यांनी मन घट्ट करून मान्य केलं होतं. पण अर्ध्या कामाचा त्यांना भलता राग आला.

"कुस्ती निकाली पायजे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "निम्मा रोग ठेवणार असतील तर चल घरला."

सन्मतीला ते पटलं. काकूला थायरॉईड होतं, ती रोज उपाशीपोटी गोळी घ्यायची. म्हणजे रोगच की. पण आबा घरी गेले तर कॅन्सर काही त्यांची वाट बघत थांबणार नव्हता. ती तडक वॉर्डातल्या भिंगरी नावाच्या यंत्रमानवाकडे गेली.

"आबांना थायरॉईड कधी झालं?"

"जन्मापासून आहे," भिंगरी म्हणाली. "तुलाही आहे."

सन्मतीचं तोंड एवढंसं झालं. हात आपोआप गळ्यावर गेला.

"घाबरू नकोस. थायरॉईड हे रोगाचं नाव नाही, ग्रंथीचं आहे. काकूची ग्रंथी आळशी झाली आहे, त्याला लोक 'थायरॉईड आहे' म्हणतात."

भिंगरीनं आबांच्या गळ्याचं चित्र हवेत उभं केलं. स्वरयंत्राच्या खालच्या बाजूला बिलगून फुलपाखरासारखी ग्रंथी बसली होती. दोन पाळ्या आणि मध्ये बारीक जोड.

"ही संप्रेरक (शरीराची कामं मंद-जलद करणारं रसायन) तयार करते," भिंगरी म्हणाली.

"पण कॅन्सर तर स्वरयंत्रात आहे. मग हिला हात कशाला लावायचा?"

"डावीकडे बघ. स्वरयंत्राची भिंत कूर्चेची (लवचीक, मऊ हाडासारखी) असते. कॅन्सरच्या गाठीनं ती फोडली आणि ती शेजारच्या पाळीत शिरली."

सन्मतीला उसाचं रान आठवलं. "हराळीचं गवत बांधाखालून पलीकडं जातं तसं. मग बांधापलीकडची मातीपण उकरावी लागते. पण अख्खं रान न्हाई."

"बरोबर. उजवी पाळी स्वच्छ दिसते. ती राहिली तर संप्रेरक मिळत राहील. तिच्यामागे चिमुकल्या ग्रंथी आहेत, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्याही वाचतील. दोन्हीकडे कॅन्सर असता, तर मात्र सगळी काढून आयुष्यभर गोळी द्यावी लागली असती."

सन्मती धावत आबांकडे आली. "आबा, रोग सगळाच काढणार हायत. ठेवणार ते तुमचं चांगलं अंग."

तिनं सगळं समजावलं. आबांनी गळा चाचपला.

"मग चितपटच की ही," ते म्हणाले. "सांग त्यांना, मी तयार हाय."

शस्त्रक्रिया झाली. तपासणीत काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे मागे रोग उरला नव्हता. आता आबा गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेत होते. डॉक्टरांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवली. छिद्रावर बोट दाबलं की श्वास झडपेतून अन्ननलिकेत जायचा आणि तिथं आवाज उमटायचा. सुरुवातीला नुसती घरघर यायची. आबा चिडायचे, पाणी प्यायचे आणि परत बोट दाबायचे. माणसाच्याच पेशींपासून नवं स्वरयंत्र वाढवायचे प्रयोग चालू आहेत, असं भिंगरीकडून कळल्यापासून सन्मतीनंही आपण पुढे काय शिकायचं ते ठरवून टाकलं होतं.

पुढच्या हंगामात आबा मैदानात गेले. जुन्या पैलवानानं विचारलं, "आबा, तब्येत कशी हाय?"

आबांनी गळ्यावर बोट दाबलं. आवाज खरखरीत होता, पण शब्द न् शब्द कळला.

"ठणठणीत. थायरॉईड हाय मला. निम्मं."