पाऊण सेकंद जास्त

तोच गोळा, तोच दोरा, तोच हात आणि तेच घड्याळ. तरी गोळा दर वेळी उशीर करत होता. का? परागमामाने सकाळपासून डोकं खाजवून खाजवून केसांचं पार घरटं करून टाकलं होतं, आणि त्याची भाची जुई शेजारच्या फिरत्या स्टुलावर बसून वैतागली होती.

वैतागेल नाहीतर काय! दहा वर्षांची पोर, एका जागी बसायचं म्हणजे तिला शिक्षाच. पण 'आवर्त' नावाच्या त्या अंतराळवसाहतीत आई पाणीपुरवठ्याच्या कामावर, बाबा शेतघरात, म्हणून जुईला मामाच्या गळ्यात बांधलेलं. आणि मामाची नेमकी आज बी.एस्सी.ची, भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा. गेल्या वर्षी तो हिच्यातच आपटला होता. दुसऱ्यांदा आपटलेल्याला पुढच्या यानाने पृथ्वीवर परत पाठवायचं, असा तिथल्या कॉलेजचा नियम. मामा गेला तर आपण भुणभुण कुणाच्या मागे लावायची, हीच जुईला काळजी.

प्रयोग तसा सोपा. मीटरभर दोऱ्याला टांगलेला गोळा (लंबक) झुलवायचा. त्याला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ (आवर्तकाल) मोजायचा. खाली खेचणारा जोर जास्त असला की लंबक भरभर झुलतो, कमी असला की रेंगाळतो. म्हणून या वेळेवरून त्या जोराचा आकडा काढता येतो. पृथ्वीवर तो साधारण ९.८ येतो.

आता तुम्ही म्हणाल, अंतराळात खेचणार कोण? पाण्याची बादली हातात धरून गरागरा फिरवून बघा. ती उलटी झाली तरी पाणी सांडत नाही, तळाला चिकटून राहतं. 'आवर्त' म्हणजे अशीच एक फिरणारी बादली, फक्त आकाराने प्रचंड चाकासारखी. ती फिरते म्हणून आतली माणसं कडेच्या जमिनीवर पाय रोवून चालतात. वेगही असा ठेवलेला, की इथेही आकडा ९.८ च यावा.

मामाचा येत होता ९.५. वीस झोक्यांना चाळीस सेकंद लागायला हवेत, तर त्याच्या घड्याळात पाऊण सेकंद जास्तच.

बाकीची पोरं केव्हाच मोकळी होऊन कॅन्टीनमध्ये भजी खात होती. भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांची ही पिढीजात खोड. उत्तर आधीच पाठ असतं. ते समोर ठेवून उलटा हिशेब करायचा आणि शोभतील असे आकडे भरायचे. याला ती 'आकडे बसवणं' म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

"बसव ना मामा," जुई कळवळून म्हणाली. "सगळेच बसवतात. तू गेलास तर मी काय करू?"

मामाने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. बसवणं त्यालाही येत होतं. पण एक गोष्ट त्याला सुखाने बसू देईना. हाताची चूक असती, तर वेळ कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी आला असता. हा पाचही वेळा जास्तच आला होता, आणि तोही तेवढाच. म्हणजे चूक हाताची नसणार. मग कुणाची? दोरा त्याने तीनदा मोजला होता. घड्याळ बदलून पाहिलं होतं. परीक्षा संपायला आता थोडाच वेळ उरला होता, आणि समोर परीक्षक उभे. परीक्षक म्हणजे एक जुनाट, तिरसट यंत्रमानव. पोरांनी त्यांचं नाव 'लोखंडे सर' ठेवलं होतं.

जुईला आता राहवेना. तिने टेबलावरची दोन वजनं उचलली, दोन हातांत धरली आणि पायाने जोर देऊन स्टुलावर गिरकी घेतली. वजनं छातीशी घेतली की स्टूल भिंगरीसारखं सुटायचं. हात पसरले की लगेच मंदावायचं. लोखंडे सर खेकसले, तसे तिने घाबरून हात पसरले आणि स्टूल रेंगाळलं.

मामा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने विचारलं, की ताई परवा कामावरून एवढी उशिरा का आली होती? जुई म्हणाली, नवीन पाणी आलं ना पृथ्वीवरून! चाकाच्या मधोमध यान लागलं, आणि आईने सगळं पाणी नळांतून कडेच्या टाक्यांत सोडलं.

"म्हणजे 'आवर्त'ने हात पसरले," मामा हळूच म्हणाला.

त्याने तिला समजावलं. फिरणाऱ्या वस्तूकडे फिरण्याची एक ठरावीक पुंजी असते (कोनीय संवेग). बाहेरून कुणी ढकललं किंवा अडवलं नाही, तर ती वाढत नाही की घटत नाही. वजन मधे असेल तर तेवढ्यात वेगाने फिरता येतं. तेच वजन कडेला गेलं, तर तेवढ्याच पुंजीत हळू फिरावं लागतं. चाक हळू झालं, म्हणून जोर कमी झाला, म्हणून लंबक रेंगाळला. फरक इतका थोडा, की चालताना कुणाच्या लक्षातही आला नाही.

मामाने उत्तर लिहिलं आणि कागद लोखंडे सरांपुढे धरला.

"बाकीच्या अकराजणांचं उत्तर ९.८ आहे," सर म्हणाले. "तुला बदलायचंय का?"

बदल रे मामा, असं जुईला ओरडावंसं वाटत होतं.

"नाही सर. त्यांनी लिहिलंय. मी मोजलंय."

लोखंडे सरांनी कागदावर सही केली. मग म्हणाले, की नियंत्रण कक्ष रविवारी चाकाचा वेग पुन्हा वाढवणार आहे. तोवर इथला आकडा ९.५ च आहे, आणि परीक्षेचा दिवस सरांनीच मुद्दाम पाणी आल्यानंतरचा निवडला होता. मामा पास झाला होता. बाकीच्या अकराजणांना भजी तशीच टाकून परत यायचा पुकारा झाला.

जुई मामाच्या गळ्यातच पडली. आणि लगेच तिचा पुढचा प्रश्न तयार: "चाकाच्या अगदी मधोमध लंबक नेला तर तो झुलेल का रे?"

पुस्तकातलं उत्तर मामाला पाठ होतं. त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग लोखंडे सरांकडून दोरा आणि गोळा मागून घेतला, आणि दोघं मधोमध जाणाऱ्या लिफ्टकडे निघाली.