दोरीवरचा सदरा

काम साधं होतं. ताईच्या घरी जायचं, कपाटातून तिचा नेहमी अंगात घालायचा एखादा कपडा काढायचा आणि बारा वाजायच्या आत देवळातल्या पुजारीण खो आजींकडे पोचवायचा.

"एवढं तरी जमेल ना, मामा?" भाची म्याओझू फोनवर म्हणाली. "आणि देवळात चेष्टा नको. गेल्या खेपेला आजींच्या पेल्यात प्लास्टिकचं झुरळ टाकलंत."

"प्लास्टिकचं नव्हतं गं. मेलेलं होतं, एवढंच."

तिनं फोन आपटला. मास्तरीणबाई आहे, हसायचं म्हटलं की तिला पगार कापल्यासारखं होतं.

ताई म्हणजे स्यूकिम, माझी थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. बंदरावर माशाचा खिमा वळून केलेल्या गोळ्यांचं दुकान, आणि जीभ दुकानातल्या सुरीहून धारदार. बाजारात कोळंबीवरून घासाघीस करताना मागून एका स्कूटरचा धक्का लागला आणि बाई आडवी झाली. हाड मोडलं नाही, पण इस्पितळात छाती भरली, श्वासाचं यंत्र लागलं. आज एकोणिसावा दिवस. आयसीयूत सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला अर्धा अर्धा तास सोडतात, तेही दोघांनाच. बाकीचं खानदान फोनवरच्या ग्रुपला डोळे चिकटवून बसलेलं. ताप उतरला. बोट हललं. आज काही नाही. आजही काही नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं सुधारली, मग जाग का येत नाही ते कळत नाही.

आम्हाला कळत होतं. माणूस दचकून पडलं की जीव तिथंच सांडतो. कपड्यावर हाक मारून तो बोलवायचा आणि कपडा रोग्याच्या छातीवर पसरायचा. जीव आपला कपडा ओळखतो.

कपाटाला कुलूप. किल्ली म्याओझूच्या पर्समध्ये, ती वर्गात. घड्याळात साडेअकरा. मागच्या गच्चीत दोरीवर ताईचा जांभळ्या फुलांचा सदरा लोंबत होता, पडली त्या सकाळी तिनंच वाळत घातलेला. म्हणजे अठरा रात्री बाहेर. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, दिवस मावळला की कपडे आत घ्यायचे. राहिले, तर ज्यांना घर नाही ते येतात आणि अंगात घालून बघतात. मलाही ठाऊक होतं. पण तीन जिने उतरून शाळेत जायचा कंटाळा आला. मी सदरा ओढला, घडी केली, बगलेत मारला.

"कपाटातला ना?" खो आजींनी विचारलं.

"कपाटातला! डांबरगोळ्यांचा वास बघा."

त्यांनी वास घेतला. "मातीचा येतोय. ओल्या मातीचा."

"तुमचं नाक म्हातारं झालं, आजी."

पेलाभर तांदळावर त्यांनी सदरा ताणून बांधला, उदबत्त्या फिरवल्या, ताईचं नाव घेऊन हाक मारली. हाका तीन मारायच्या असतात. पहिल्याच हाकेला त्या थांबल्या. कापड सोडलं, तर तांदळात मधोमध अंगठा रुतवल्यासारखा खळगा.

"आली," त्या पुटपुटल्या. "पण किती लवकर... दाराशीच उभी असल्यासारखी."

संध्याकाळी सात वाजता मी सदरा ताईच्या छातीवर पसरला. सकाळी तिनं डोळे उघडले. चौथ्या दिवशी घशातली नळी निघाली. ग्रुपवर नाचणारी अस्वलं आली, हात जोडलेले बुद्ध आले. म्याओझू रडली. मीही रडलो, पण कोपऱ्यात जाऊन, लोकांची माझ्या चेष्टेची सवय मोडू नये म्हणून.

पाचव्या दिवशी सकाळी मी एकटाच आत गेलो.

"काय गं म्हातारे, खाट मऊ मिळाली म्हणून लोळतेस होय?"

एरवी यावर तिनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. ताईनं मान वळवली आणि गोड हसली.

"आलात? बसा ना. उन्हातून आलात."

सत्तर वर्षांत तिनं मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. मी बसलो नाही. पडद्यामागे यंत्रं टिकटिकत होती, फिनेलचा वास होता, आणि त्या वासाखाली दुसरा एक... ओल्या मातीचा. ताई आपले हात उलटेसुलटे करून बघत होती, नवे हातमोजे बघावेत तसे.

"चांगले आहेत," ती हळूच म्हणाली. "मजबूत आहेत."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आयसीयूत माणूस बावचळतं, होईल ठीक. मी म्याओझूकडून कपाटाची किल्ली घेतली आणि ताईचं घर गाठलं.

मागच्या गच्चीत महिन्याभराची धूळ साचली होती. माझ्या चपलांचे ठसे त्यात होते. आणि दोरीखाली आणखी एक जोडी, अनवाणी पायांची, दाराकडे बोटं करून. उजव्या पायाला चारच बोटं. ताईच्या त्याच पायाची करंगळी तरुणपणी माशाच्या सुरीखाली गेली होती.

ती घरी आली होती. आपला सदरा शोधत होती.

खो आजींपुढे मी सगळं कबूल केलं. त्यांनी उदबत्तीचा पुडा माझ्या टाळक्यात हाणला. "घोड्या! अरे, कुणाला आत घेतलंस तू?"

"आता?"

"कपाटातला खरा कपडा दे, हाक मारते. पण आत आहे त्यानं आधी निघायला हवं. एका अंगात दोघांना श्वास पुरत नाही. नाही निघालं तर..." त्यांनी जळती उदबत्ती चिमटीत विझवली.

संध्याकाळी सात. म्याओझू डॉक्टरांशी बोलत बाहेर थांबली होती. मी शर्टाच्या आतून ताईचा हिरवा सदरा काढला, आजींनी तीन हाका मारून दिलेला. खाटेवरची बाई बघत राहिली.

"तो नका घालू..." ती कुजबुजली. "मी नीट करते ना सगळं? श्वास घेते. सांगतील तेव्हा खोकते. डॉक्टरांनी काल शाबास म्हटलं मला..."

"माझी ताई दारात उभी आहे."

"मीही उभीच होते हो... किती वर्षं..."

तरी मी सदरा तिच्यावर पसरला. तिनं माझं मनगट धरलं. बर्फासारखा हात.

"मग मी कुठं जाऊ?"

आणि जन्मभराची खोड, हो! भीतीनं बोबडी वळली असताना तोंडातून निघून गेलं, "जा की शेजारी!"

तिचा हात सुटला. यंत्र किंचाळलं, आकडे घसरले, नर्सेस धावल्या, मला ढकलून बाहेर काढलं. बाकावर म्याओझू माझी बाही पकडून बसली. "मामा, काय केलंत तुम्ही? काय केलंत?" पाऊण तास गेला. मग दाराआडून खणखणीत आवाज आला.

"कुठंय तो मेला? माझा ठेवणीतला सदरा कपाटातून कुणी काढला? आँ?"

शिवी ऐकून एवढा आनंद कुणाला झाला नसेल. नर्स हसू दाबत म्हणाली, "आता काळजी नाही."

तिसऱ्या दिवशी ताईला साध्या वॉर्डात हलवायचं ठरलं. मी पिशवी भरत होतो, ताई माझ्या घडी घालण्याला नावं ठेवत होती. तेवढ्यात शेजारच्या खाटेचा पडदा सरला. तिथं एक ट्रक ड्रायव्हर दोन महिने निपचित होता म्हणे. आता तो उशीला टेकून बसला होता, आणि त्याची बायको त्याला पेज भरवत होती. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा दिवाळीसारखा उजळलेला.

"चमत्कार झाला हो मामा!" ती मला म्हणाली. "परवा सातला अचानक जागे झाले. आणि स्वभाव किती बदललाय! तीस वर्षांत मला धड हाक मारली नाही, आता म्हणतात, बाई, तुम्हाला फार त्रास देतो मी. सिस्टर सांगतात, रात्रीसुद्धा पडद्यापलीकडे बघून कुणाशी तरी मायेनं बोलतात. म्हणतात, दम धरा, तुमचीही सोय होईल."

ती इतकी खूश होती. मी पिशवीचा बंद ओढला.

ड्रायव्हरनं पेज गिळली, ओठ पुसले आणि माझ्याकडे पाहून अगदी अदबीनं विचारलं, "आणि घरी बाकीचे कसे आहेत, मामा? कुणी आजारी वगैरे?"