ओळख पटलेली व्यक्ती

ही गोष्ट खरी आहे. वल्लरी माझी सख्खी मावसबहीण, थापा मारणं तिला जमतच नाही.

गेल्या जूनमधला मंगळवार. पाया लेबार भागातलं वल्लरीचं ऑफिस, दुपारचे तीन, आजूबाजूला चाळीस माणसं. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी नीट ऐका.

अमेरिकेच्या वाळवंटात मौजमजेसाठी वसलेलं एक शहर आहे. तिथल्या संग्रहातले जुने फोटो स्कॅन होऊन वल्लरीकडे यायचे. हॉटेलं, पोहण्याचे तलाव, हसरे पाहुणे. तिनं माणसांची नावं शोधून नोंदवायची, बस्स.

त्या दिवशी एका रिळातले सहा फोटो आले. पहिल्यात तलावाकाठी एक माणूस पाठमोरा बसलेला. नाव कुठेच सापडेना. वैतागून तिनं तात्पुरतं नवऱ्याचं नाव ठोकून दिलं... कुशल.

दुसरा फोटो. त्याच्यामागे तिघं उभे, एकाच्या हातात लोखंडी गज.

तिसऱ्यात गज उजव्या हातावर बसलेला. हाड कातडीबाहेर.

तेवढ्यात पुंगोलच्या घरून कुशलचा फोन आला.

"वल्लरी, माझा हात मोडला गं! कोणीतरी मारतंय... पण घरात कोणीच नाहीये!"

मागे आवाज येत होता.

धप्प... धप्प...

चौथा फोटो आपोआप उघडला. गुडघ्याचा चेंदामेंदा. फोनवर कुशल गुरासारखा ओरडला.

पाचव्यात त्या माणसानं मान वळवली होती.

तो कुशलच होता.

वल्लरी नावाच्या चौकटीकडे वळली. तिनं नाव पुसलं. चौकट लाल झाली, रिकामी चालणार नव्हती. तिनं 'अनोळखी' लिहिलं. पुन्हा लाल.

सहावा फोटो वरून हळूहळू उघडू लागला. आकाश... उगारलेल्या गजाचं टोक...

तिनं डोळे मिटून दुसरं एक नाव टाइप केलं.

फोटो तिथेच अडकला. फोनवरचा आवाज थांबला.

कुशल वाचला. हाताला आणि गुडघ्याला सळ्या घातल्यात. दार तोडूनच पोलिसांना आत जावं लागलं, ते आतून बंद होतं. सहाव्या फोटोची फाइल खराब आहे, दुरुस्ती चालू आहे, असं ऑफिसात सांगतात.

ते नाव कुणाचं, हे विचारलं की वल्लरी विषय बदलते.

मी टॅम्पिनीसला एकटीच राहते. वर्षातून दोनदा फोन करणारी ही पोरगी हल्ली सकाळ-संध्याकाळ फोन करते.

"नीताताई, तू बरी आहेस ना गं?"

मी हो म्हटलं, की रडायला लागते.