टेकाडी वस्तीतले शिळे पान

वेधशाळेच्या यंत्राने सूर्यावर वादळ उठल्याची नोंद केली, त्याला दहा मिनिटे होऊन गेली होती. टेकाडी वस्तीच्या दारावरचा फलक मात्र अजून म्हणत होता, 'सूर्य शांत. बाहेरची कामे चालू ठेवावीत.'

शाल्मली फलकासमोर उभी राहून ती दोन वाक्ये तिसऱ्यांदा वाचत होती. अकरा वर्षांच्या त्या मुलीला आज पहिल्यांदाच लिहिलेल्या अक्षरांची भीती वाटत होती. चंद्रावरच्या या वस्तीतली माणसे ध्वनिक्षेपकावरची हाक ऐकून खालच्या जाड भिंतींच्या खोल्यांत जाऊन बसली होती. तिचे बाबा आणि लतीफकाका मात्र बर्फ शोधायला गाडी घेऊन डोंगरापलीकडे गेले होते. तिथे वस्तीतली हाक पोचत नाही. एक लहानसा उपग्रह तेवढा मधे आहे, पण तो स्वतःहून काही सांगणाऱ्यांतला नाही. गाडी दर दहा मिनिटांनी इशाऱ्याचे पान मागते आणि उपग्रह ते वस्तीतून आणून देतो, एवढेच त्याचे काम. म्हणजे फलकावर होते तेच बाबांच्या पडद्यावरही असणार.

सौरवादळ (सूर्यातून सुटलेल्या वेगवान कणांचा लोंढा) अकरा वाजता येऊन धडकणार होते. बाबा होते तिथून जवळात जवळची गुहा पंचवीस मिनिटांवर. त्यांना दहा पस्तीसच्या पानात कळले तर ठीक, नाहीतर उशीर झालाच. सव्वादहाचे पान नुकतेच गेले होते, आणि ते खोटे होते.

शाल्मली धावत खाली नानांच्या खोलीत गेली. नाना म्हणजे तिचे आजोबा, विद्याधर पोंक्षे. वस्तीचा सर्व्हर (मागेल त्याला माहितीची पाने पुरवणारा संगणक) त्यांच्या ताब्यात असतो. गाडीला जुनेच पान जातेय ते उपग्रहामुळे, असे समजून वादळाची खबर मिळाल्यापासून नाना उपग्रहाची अँटेना तपासत बसले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दारावरचा फलक उपग्रहाला काही विचारतही नाही, आणि चूक तर त्याच्यावरही होती. शाल्मलीने धापा टाकत हे सांगितले, तेव्हा नानांनी अँटेना सोडली.

"मग एका टोकापासून बघत येऊ," ते म्हणाले. "घोडं कुठे पेंड खातंय ते कळेल."

पहिले टोक म्हणजे माहितीचे कोठार. तिथे वस्तीची सगळी माहिती एक्सएमएल नावाच्या जुन्या पद्धतीने ठेवलेली असते. या पद्धतीत प्रत्येक तुकड्याला तो काय आहे ते सांगणारी खूणपट्टी लावतात, डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात तशी. शाल्मलीने कोठार उघडले. 'इशारा' या पट्टीत 'वादळ' होते, 'वेळ' या पट्टीत 'अकरा', आणि 'सूचना' या पट्टीत 'गुहेत जा'. इथे सगळे बरोबर होते. मग तिने साचा (पानात काय कुठे बसवायचे याचा आराखडा) पाहिला. तोही शाबूत होता.

राहिले ते पान-इंजिन. हे काही धूर सोडणारे इंजिन नव्हे. सर्व्हरच्या आत बसलेला तो एक प्रोग्राम असतो. कुणी पान मागितले की तो साचा उचलतो, कोठारातून त्या क्षणाची माहिती आणतो आणि दोन्ही जुळवून पान तयार करतो. फलकाला मोठ्या अक्षरांचे, गाडीला छोट्या पडद्याचे. पाने आधीपासून करून ठेवलेली नसतात, नाना सांगत होते.

"नसतात, तर मग हे सकाळचं पान आलं कुठून?" शाल्मलीने विचारले.

नानांनी मांडणीची फाईल (कोणते पान कोणत्या इंजिनाने आणि कसे करायचे त्या नियमांची यादी) उघडली, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन आठवड्यांपूर्वी वस्तीच्या सौरपट्ट्यांची एक रांग बंद पडली होती. वीज वाचवायची म्हणून नानांनी यादीच्या अगदी वर एक नियम घातला होता: 'सर्व पाने एकदाच करावीत आणि पेटीत ठेवून सहा तास तीच द्यावीत.' शाळेच्या वेळापत्रकाला आणि धुण्याच्या पाळ्यांना त्याने काही बिघडले नाही.

"चूक माझी आहे," नाना म्हणाले. "सर्व लिहिताना सर्वांत काय काय येतं ते मी बघितलं नाही."

शाल्मलीला त्यांचा राग आला, अगदी मनापासून आला. पण रागवायला वेळ कुणाला होता? तो नियमच पुसून टाकू, ती म्हणाली. नानांनी मान हलवली. वस्तीची शेकडो पाने दर वेळी ताजी करायची तर हवेच्या पंपाची वीज तोडावी लागली असती. मग तिने यादीच्या शेवटी नवा नियम लिहिला: 'इशाऱ्याचे पान दर वेळी ताजे करावे.' इंजिन ही फाईल सुरू होतानाच एकदा वाचते, म्हणून त्यांनी ते बंद करून पुन्हा चालू केले. त्यात चार मिनिटे गेली.

दहा पंचवीसला नानांच्या पडद्यावर नोंद उमटली, 'गाडीला पान दिले.' शाल्मलीने खोलीच्या भिंतीवरच्या, दारावरच्यासारख्याच फलकाकडे पाहिले.

'सूर्य शांत.'

आता एकच पान उरले होते. नाना पुन्हा कोठार उघडू लागले, पण शाल्मली फाईलसमोरून हलली नाही. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

"नाना, समजा मी इंजिन आहे. मला कुणी इशाऱ्याचं पान मागितलं. मी वरून वाचायला लागते. पहिला नियम, सर्व पाने. माझं पान सर्वांत आलंच की. मग मी खाली कशाला वाचू?"

लागू पडणारा पहिला नियम सापडला की इंजिन पुढचे वाचत नाही, हे नानांना चाळीस वर्षे ठाऊक होते, आणि घाबरल्यावर नेमके तेच आठवले नव्हते.

शाल्मलीने आपला नियम उचलून सगळ्यांत वर ठेवला. दहा एकोणतीस झाले होते. इंजिन बंद करायच्या बटणावर नानांचे बोट अडखळले. पस्तीसपर्यंत ते चालू झाले नाही, तर गाडीला नुसते कोरे पान जाणार होते.

"कोरं पान परवडलं, नाना," शाल्मली म्हणाली. "कोरं बघून बाबांना शंका तरी येईल. हे वाचून ते काम करत राहतील."

नानांनी बटण दाबले. फलक काळा झाला. एक मिनिट गेले, दोन गेली, तीन गेली. शाल्मलीने नानांचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. दहा तेहतीसला फलक उजळला.

'सौरवादळ. अकरा वाजता. गुहेत जा.'

दहा पस्तीसला नोंद आली, 'गाडीला पान दिले.' पण दिलेले पान बाबांनी वाचले का? गाडीच्या प्रत्येक मागणीसोबत तिचे ठिकाणही येते. पुढच्या मागणीपर्यंतची दहा मिनिटे कशी गेली ते त्या दोघांनाच ठाऊक. पावणेअकराच्या मागणीत गाडी बर्फाच्या खड्ड्याजवळ नव्हती. ती गुहेच्या वाटेवर होती. दहा पंचावन्नला ती गुहेच्या जवळ पोचत आली होती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मागणी आलीच नाही. खडकाच्या आत उपग्रह पोचत नाही, म्हणजे ते आत गेले, नाना म्हणाले. तेव्हा कुठे शाल्मली रडली, आणि नानांनीही चष्मा काढून डोळे पुसले.

मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. उद्या मंगळावर वस्त्या होतील, त्याही अशीच पाने मागतील आणि ही फाईल तिथेही जाईल, ते म्हणाले. तेव्हा तिथल्या कुणाला तरी वीज वाचवावीशी वाटेलच. फाईलमध्ये टीप लिहिता येते. इंजिन ती सोडून देते, कारण ती फक्त माणसांसाठी असते.

शाल्मलीने थोडा विचार करून आपल्या नियमाशेजारी लिहिले, 'हा नियम वरच राहू द्या. बाहेर माणसं असतात.'