पंचबाईंची विनंती

सकाळी कोर्ट तपासायला ती हॉलमध्ये शिरली, तर वकील काचेला नाक लावून उभा. चारी भिंती काचेच्या असलेलं ते स्क्वॉशचं कोर्ट दिव्यांत असं लखलखत होतं, की पाऊल वाजवायचाही तिला धीर होईना.

"आतून बाहेरचं काही दिसत नाही म्हणे," तो न वळता म्हणाला. "खरं का हो, पंचबाई?"

"जिंका… आणि आत जाऊन बघा."

वकील हे त्याचं सर्किटवरचं नाव. पंचांच्या प्रत्येक निर्णयावर हुज्जत घालायचा, म्हणून. सर्किट म्हणजे एक अजब संसार — दर आठवड्याला शहर नवं, माणसं तीच. छोट्या स्पर्धांत गुण कमवायचे, त्यावर क्रमवारी ठरायची, आणि खालच्या क्रमांकाच्यांनी मोठ्या स्पर्धेत आधी पात्रता फेरी जिंकायची. ती जिंकली तरच काचेच्या कोर्टात पाऊल. वकील आठ वर्षं उंबरठ्यावरूनच परतत होता. तिने पंचाच्या खुर्चीतून त्याला अकरा शहरांत हरताना पाहिलं होतं, आणि दर वेळी जरा जास्तच वाईट वाटून घेतलं होतं. बोलायची मात्र सोय नव्हती.

दुपारी, मागच्या साध्या कोर्टवर, पात्रतेची शेवटची मॅच. खुर्चीत तीच. पाचवा, निर्णायक गेम, वकील दहा-नऊने पुढे. आणखी एक गुण, की झालं. समोरच्याने चेंडू पुढच्या भिंतीशी अलगद सोडला. वकिलाने अंग झोकून तो कसाबसा उचलला, आणि समोरचा जागीच खिळला. एकच टप्पा धरून तिने गुण वकिलाला दिला. टाळ्या सुरू झाल्या.

वकिलाने हात वर केला.

"दोन टप्पे पडले होते."

"मला एकच दिसला."

"रॅकेट माझ्या हातात होती, पंचबाई. दोन पडले."

हा माणूस आयुष्यभर भांडला, आणि आज स्वतःच्याच विरुद्ध भांडत होता! तिने निर्णय फिरवला. दहा-दहा. पुढचे दोन्ही गुण समोरच्याने घेतले, आणि मॅचही.

मॅच संपताच ती तडक मुख्य पंचांकडे गेली. यापुढे वकिलाची एकही मॅच मला देऊ नका, म्हणाली. त्यांनी कारण विचारलं नाही, नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

संध्याकाळी तो बॅग खांद्याला लावून निघाला, तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "चारचौघांत तुम्हाला चूक ठरवलं. राग येणारच."

"राग नाही." ती हातातल्या घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "तो टप्पा मला का दिसला नाही, सांगू? मी चेंडूकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते. पंचाला बाजू नसते… मला आहे. कधीची आहे."

तिचे कान तापले.

"पुढच्या आठवड्यात मी प्रेक्षकांत बसणार आहे," ती घाईघाईने म्हणाली. "हरलास तरी उठून जाणार नाही."

त्याच्या विमानाला अजून तीन तास होते. त्याने बॅग खाली ठेवली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला.